कमरेचा कोयता

कोकणातील शेतकरी बागेत किंवा रानात निघाला म्हणजे त्याच्या कमरेला दोरीने एक लाकडी आकडी बांधलेली असते आणि तीत पाठीशी कोयता अडकविलेला असतो. माडावर चढावयाचे, राबासाठी फांद्या तोडावयाच्या, कुंपणाची काठी साळावयाची. कामे अनेक, आणि त्यांत दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून या हत्याराची जागा कमरेला. सह्याद्रीच्या याच रांगेत दक्षिणेस कोडगूचे लोकही आपली ओडिकत्ती कमरेमागे पितळी अडकणीत बाळगीत आले. भाषा बदलली तरी डोंगर आणि झाडी यांनी माणसाला एकच युक्ती शिकविली.

कोयता विकत घेता येतो. तो आपला करून घ्यावा लागतो. त्यासाठी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि हा स्वभाव लोहाराच्या भट्टीत घडतो. लालबुंद पोलाद एकदम निवविले की ते कठीण होते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. म्हणून पात्याला पुन्हा बेताची आच द्यावी लागते. घासून उजळलेल्या पोलादावर फिकट पिवळी छटा येते, तेव्हा उष्णता सुमारे २२० अंश सेल्सिअस असते. निळी छटा उमटते ती ३०० अंशांच्या आसपास. पिवळ्या छटेवर थांबले तर धार टिकते, पण गाठीवर घाव बसताच कपचा उडण्याचे भय असते; निळ्यापर्यंत गेले तर पाते चिवट होते, पण लवकर बोथटते. या दोहोंमधला नेमका क्षण ओळखणे हेच लोहाराचे कसब. त्यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो.

हे पाणी घालविणे मात्र फार सोपे आहे. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर कोयता जोराने दाबून धरला, की ठिणग्या उडतात आणि क्षणात चकचकीत धार मिळते. पण पातळ कड घर्षणाने तापते. ती निळी पडली, की तिचे पाणी उतरले असे समजावे. मग ती धार दोन दिवसही टिकत नाही. साध्या दगडावर पाणी शिंपडीत संथपणे घासलेली धार उशिरा लागते, पण पात्याचा कस शाबूत राहतो.

रोजची निगा त्याहूनही साधी आहे. काजूचा चीक, केळीचा रस आणि समुद्रावरची खारी हवा ही लोखंडाची वैरी. काम संपताच पाते पुसावे, कोरडे करावे आणि त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. घाव जमिनीवर जाऊ देऊ नये. मातीतली वाळू धार खाते. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि मूठ सैल होते. झाडावर चढण्यापूर्वी ती हलवून पाहणे ही सवय नव्हे, जिवाची राखण आहे.

दुसऱ्याच्या हाती कोयता द्यावयाचा तो मुठीकडून, ही शिस्त मुलाला धार लावण्याआधी शिकवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी बनविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या. कायद्याने अवजार आणि शस्त्र यांत असा भेद केला. तो वागणुकीत पाळण्याची जबाबदारी मात्र अवजार बाळगणाऱ्याची. हाच कोयता कोणी दहशतीसाठी उगारतो, तेव्हा डाग कष्टकऱ्याच्या अवजारालाही लागतो.

वर्षानुवर्षे धार लावून पाते अरुंद होत जाते. जुन्या शेतकऱ्याला त्याची खंत नसते. झिजणे हा कामाचा हिशेब आहे, गंजणे हा आळसाचा. खंडेनवमीला कोयत्यावर हळदकुंकू वाहतात, फूल ठेवतात. ती पूजा वर्षातून एकदाच. पुसून तेलाचा हात फिरविणे मात्र रोजचे.