वळणाआधीची पाटी

माझ्या लहानपणी आमच्या गावात नगरपालिकेचा एक माणूस हलगी वाजवत फिरायचा. चौकात थांबून ‘ऐका हो ऐका’ म्हणायचा आणि सांगायचा, उद्या टाकी धुणार आहेत, नळाला पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा. तो पुढे निघाला की माझी दादी दाराआडून त्याला हाक मारायची, ‘अरे बाबा, उद्या नाही, तर मग कधी?’ माहीत असेल तर तो सांगायचा. नसेल तर म्हणायचा, ‘विचारून सांगतो, आजी.’ आणि परत जाताना खरंच सांगून जायचा.

या दवंडीवाल्याची आठवण मला काही वर्षांपूर्वी एका रात्री झाली. शहराचं नाव सांगत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आपलंच वाटेल.

आमचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला होता. आधी खाली ड्रेनेजचे पाइप, मग वर काँक्रीट. काम गरजेचं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे गुडघाभर पाणी साचायचं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. एका सकाळी जेसीबी आला आणि संध्याकाळपर्यंत अर्धा रस्ता खणून झाला. खड्ड्याच्या काठावर पाटी लागली, ‘काम चालू, रस्ता बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

मी कविता लिहिणारा माणूस. थोडक्यात सांगणं मला आवडतं. पण काम चालू आहे आणि रस्ता बंद आहे, हे खड्डा पाहून मला कळलंच होतं. काम किती दिवस चालणार, कुठून जायचं, पाणी कधी येणार, विचारायचं कुणाला, यातलं काहीच त्या पाटीवर नव्हतं.

दहाबारा दिवसांनी रात्री अम्मीला दम लागला. वय एक्याऐंशी. रुग्णवाहिकेला फोन केला. वाट मीच सांगितली, ‘पुढून रस्ता खणलाय, मागच्या बाजूने या.’ त्या दिवशी संध्याकाळी मागची बाजूही खणली गेली होती. घरातल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. गाडी मागच्या रस्त्याला वळली, बरीच आत आली, आणि मग ड्रायव्हरला पाटी दिसली. तोवर तिच्या मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो येऊन उभे. गाडी वळवायला जागा नाही. शेवटी गल्लीतल्या चार पोरांनी अम्मीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खड्ड्यावर टाकलेल्या फळ्यांवरून उचलून नेलं. त्या फळ्या हलत होत्या, हे मी अजून विसरलेलो नाही.

अम्मी बरी झाली. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने मला विचारलं, ‘बेटा, तू तर रोज पेपर वाचतोस. तुला माहीत नव्हतं?’

मी काय उत्तर देणार? पाटी लावलेली होती, हे खरं. पण ती खड्ड्यापाशी होती. ती हवी होती कोपऱ्यावर, जिथून माणसाला दुसऱ्या वाटेने जाता येतं. वळण मागे पडल्यावर मिळालेली सूचना ही सूचना नव्हे, ती नुसती बातमी असते.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. रस्त्याची कामं चालू असताना वाहतूक कशी सांभाळावी, याबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत कामाच्या जागेचे भाग पाडले आहेत. पहिला भाग खड्ड्याचा नाही. पहिला आहे आगाऊ सूचनेचा, मग वाहतूक वळवण्याचा, त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा. म्हणजे शहाणपण पुस्तकात आहे. पुस्तकातून कोपऱ्यापर्यंत यायला त्याला रस्ता सापडत नाही.

मोठ्या शहरांतही हेच. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा पूल एका उंचीवर नाहीत, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला. अडीच वर्षं लोकांनी वळसे घातले. अडचणी येतात, कामं लांबतात, हे सामान्य माणसाला समजतं. आपल्या घरात बांधकाम काढलं तरी लांबतंच. पण घरातला गवंडी निदान सांगतो, ‘साहेब, वाळू आली नाही, चार दिवस लागतील.’

दुसरं उदाहरण प्रभादेवीच्या पुलाचं. शंभर वर्षांहून जुना पूल. तो एप्रिल २०२५ मध्ये बंद व्हायचा होता. पूल ओलांडला की परळची केईएम, टाटा अशी रुग्णालयं. वाहतूक पोलिसांनी आधी लोकांच्या सूचना आणि हरकती मागवल्या. पुलालगतच्या रहिवाशांनी पुनर्वसनाचा प्रश्न लावून धरला. बंद करणं पुढे गेलं आणि पूल सप्टेंबरात बंद झाला. काहींना हा उशीर वाटेल. मला त्यात एक चांगली गोष्ट दिसते. लोकांना आधी कळलं, म्हणून त्यांना बोलता आलं.

पूर्वी काही अडलं की आपण नगरसेवकाच्या घरी जायचो. मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांतही वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. नेमक्या त्याच काळात मुंबईत रस्त्यांचं काँक्रिटीकरण धडाक्यात निघालं. दार ठोठवायला माणूस नव्हता. अशा वेळी पाटीनेच बोलायला हवं होतं.

कायदाही आपल्या बाजूने आहे. माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्याला अर्ज आणि दहा रुपयांचं तिकीट आठवतं. पण २००५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम सांगतं, की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती सरकारी यंत्रणेने आपणहून द्यावी, अर्जाची वाट पाहू नये. ती स्थानिक भाषेत द्यावी, आणि त्या भागात जो मार्ग परिणामकारक असेल, त्या मार्गाने द्यावी. सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट, सगळं त्यात आलं. म्हणजे, श्रोतेहो, आमचा दवंडीवालाही कायद्यात बसतो!

आता आमच्या गल्लीने पुढे काय केलं, ते सांगतो. कोपऱ्यावर गणेश मंडळाचा फळा आहे. एरवी त्यावर सुविचार नाहीतर कुणाच्या निधनाची वार्ता असते. त्या रात्री अम्मीची खुर्ची उचलणाऱ्या पोरांपैकी एकाने ठरवलं, रोज संध्याकाळी मुकादमाला विचारायचं आणि फळ्यावर लिहायचं. उद्या कुठे खणणार. कुठली बाजू मोकळी. पाणी किती वाजता. रुग्णवाहिका कुठून आणायची. आणि खाली मुकादमाचा फोन नंबर. ज्यांना वाचता येत नव्हतं किंवा घराबाहेर पडता येत नव्हतं, त्यांच्यासाठी पाण्याची वेळ मशिदीच्या भोंग्यावरून सांगितली जाऊ लागली. पाणी तर सगळ्यांचंच.

एके दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, ‘पाइप आले नाहीत. काम चार दिवस थांबणार.’ मला वाटलं, आता लोक चिडणार. कुणी चिडलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘चला, निदान कळलं तरी.’ त्यांनी मुलीचा साखरपुडा आठवडाभर पुढे नेला. आधीचे दहाबारा दिवस हीच माणसं मुकादमाला शिव्या देत होती.

या सगळ्याला खर्च आला एका खडूच्या पेटीचा. मग ज्या कामावर कोट्यवधी रुपये खर्च होतात, तिथे कोपऱ्यावर एक फळा आणि त्यावर रोज लिहिणारा एक माणूस ठेवणं कुणाला जड जावं? निविदेत सिमेंट किती, खडी किती, हे लिहिलेलं असतं. तिथेच ही ओळही लिहावी. तारीख चुकली तर नवी तारीख आणि कारण लिहावं. त्यात कमीपणा नाही.

आमचा रस्ता आता झाला आहे. चांगला झाला आहे. पाणी साचत नाही. अम्मी संध्याकाळी गॅलरीत बसते आणि त्या पोराला येता-जाता विचारते, ‘काय रे, आज फळ्यावर काय लिहिलंस?’ माझी दादी दवंडीवाल्याला हाक मारायची, तशीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)