जुना ट्रॅक्टर, नवा ट्रॅक्टर आणि वरचे पैसे

(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैलबाजारात जोडी बदलायला गेलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो समोरच्या बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. आपली जोडी द्यायची, त्याची घ्यायची आणि 'वर किती' एवढाच प्रश्न. तो आकडा पक्का झाल्याशिवाय कासरा कोणी हातातून सोडत नाही.

तोच माणूस ट्रॅक्टर बदलायला शोरूममध्ये जातो तेव्हा काय होते? चहा येतो. नव्या ट्रॅक्टरवर बसवतात, फोटो काढतात. डीलरचा माणूस जुन्या ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारतो. "धूर मारतोय, टायर संपले, या मॉडेलला गिऱ्हाईक नाही," असे म्हणून एक आकडा सांगतो. आपण म्हणतो, "साहेब, थोडे वाढवा." सौदा तिथेच आपल्या हातून जातो.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. कापूस घेऊन गेलो की 'ओलावा आहे, कवडी आहे' हे ऐकावे लागते. ज्वारी नेली की 'काळी पडली' म्हणतात. मालाला आधी नाव ठेवायचे, मग भाव पाडायचा. पण बाजारात आपण एकच माल विकतो. शोरूममध्ये आपण विकणारे असतो आणि घेणारेही असतो, आणि दोन्ही भाव समोरचाच सांगतो. शिवाय व्याजाचा भाव सांगणाराही बहुतेक वेळा त्याच टेबलाशी बसलेला असतो. भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपण माणसांनी इथे गप्प बसावे, हे बरे नाही.

पहिली गोष्ट. शोरूमची पायरी चढण्याआधी आपल्या ट्रॅक्टरचा भाव आपल्याला माहीत पाहिजे. तो कसा काढायचा? तीच कंपनी, तेच हॉर्सपॉवर, जवळपास तेच साल, असे ट्रॅक्टर तालुक्यात गेल्या काही महिन्यांत कितीला विकले गेले, ते विचारा. गावच्या मेस्त्रीला विचारा. जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार करणाऱ्या दोघांना दाखवा. थेट विकत घेणारा एखादा शेतकरी काय देतो, ते पाहा. मग टायर, क्लच, हायड्रॉलिक, बॅटरी यांचा खर्च मेस्त्रीकडून काढून घ्या. डीलर दोष दाखवील तेव्हा तुमच्याजवळ दुरुस्तीचा आकडा तयार असेल. किती तास चालला, हे मीटरवर दिसते. बिले जपून ठेवली असतील तर ती सोबत न्या. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाच्या नावाखाली भाव कापला जातो, हेही ध्यानात ठेवा.

विकण्यासाठी म्हणून इंजिनकाम करू नका, तो खर्च सहसा वसूल होत नाही. धुऊन, ऑईल बदलून, किरकोळ गळती बंद करून न्या. आणि दोष लपवू नका. आपल्याला वजनकाट्यावर खरे माप पाहिजे असेल, तर आपणही खरे सांगितले पाहिजे.

डीलर जुना ट्रॅक्टर घेऊन दुरुस्त करतो, उभा ठेवतो, त्यात पैसा अडकवतो, मग विकतो. त्याचा खर्च आणि वाजवी नफा सुटला पाहिजे, हे आपल्यालाही मान्य आहे. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागणारी माणसे दुसऱ्याचा खर्च नाकारणार नाहीत. पण तो वजा करून जे उरते ते आपले आहे.

दुसरी गोष्ट, आणि आजच्या भाषणातली ही मुख्य गोष्ट. जुन्याचा भाव आणि नव्याचा भाव यांची खिचडी होऊ देऊ नका. समजा, नव्या ट्रॅक्टरची किंमत ७ लाख आहे. पहिला डीलर म्हणतो, "तुमच्या जुन्याचे ३ लाख २० हजार देतो, पण नव्यावर एक पैसा सूट नाही." दुसरा म्हणतो, "जुन्याचे २ लाख ९० हजारच, पण नवा ६ लाख ५५ हजारांना देतो." गावात येऊन आपण कोणाचे नाव घेऊ? पहिल्याचे. जुन्याला ३० हजार जास्त दिले ना! आता वरचे पैसे काढा. पहिल्याकडे ३ लाख ८० हजार भरावे लागतात, दुसऱ्याकडे ३ लाख ६५ हजार. ज्याने जुन्याला कमी भाव दिला, तोच १५ हजारांनी स्वस्त पडला.

म्हणून आधी विचारा, "जुना दिलाच नाही, रोख घेतला तर नवा कितीला?" तो आकडा कागदावर घ्या. मग जुन्याचा भाव वेगळा घ्या. कंपनीची एक्स्चेंज योजना असेल तर ती रक्कम तिसऱ्या ओळीत वेगळी लिहून घ्या, ती जुन्याच्या भावात मिसळू देऊ नका. विमा, पासिंग, अवजारे यांच्याही ओळी वेगळ्या. शेवटी 'वर किती', हा एकच आकडा दोन-तीन डीलरकडून घेऊन ताडून पाहा.

सध्या एक कारण ऐकायला मिळते. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. "नवाच स्वस्त झाला, मग जुन्याला कोण विचारतो?" असे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. पण हिशेब करा. कर १२चा ५ झाला म्हणजे करासहित किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरली. आज ७ लाखांना असलेला ट्रॅक्टर सुमारे ४७ हजारांनी स्वस्त झाला. त्याच प्रमाणात ३ लाखांचा जुना उतरला तर पावणेएकोणीस हजारांनी उतरेल. जुन्यातूनही सरसकट ४७ हजार कापणारा डीलर कराचे निमित्त करून आपला खिसा कापतो आहे.

तिसरी गोष्ट व्याजाची. जुन्याला दहा हजार वाढवून देणारा ते कर्जातून परत घेऊ शकतो. ३ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी १० टक्के 'फ्लॅट' दराने घेतले तर व्याज दीड लाख होते. तेच १० टक्के उरलेल्या मुद्दलावर लावले आणि मुद्दल दर सहा महिन्यांनी समान दहा हप्त्यांत फेडले, तर व्याज साडेब्याऐंशी हजार होते. दर एकच, फरक साडेसदुसष्ट हजारांचा. सही करण्याआधी एकच विचारा, "शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती भरायचे?" आणि शोरूममध्ये जाताना घरातल्या बाईला सोबत न्या. हप्ता भरताना संसारात काटकसर तीच करते, मग सौद्याच्या वेळी ती बाहेर का?

चौथी गोष्ट कागदांची. ट्रॅक्टर दिला, पैसे मिळाले, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि घरी आलो, असे आपण किती जणांनी केले आहे? आमच्याकडे एक शेतकरी कोर्टाची नोटीस घेऊन आले. ट्रॅक्टर एक्स्चेंजमध्ये देऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. तो पुढे कोणी घेतला, त्यांना ठाऊक नव्हते. अपघात झाला, विमा संपलेला होता, आणि आरसी बुकावर नाव यांचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली स्पष्ट केले आहे की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. पुस्तकावर नाव आहे तोवर ट्रॅक्टर आपल्याच दारात उभा आहे असे समजा.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरलेले असल्याशिवाय सही नाही. विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला गेली पाहिजे. जुनी वाहने घेणाऱ्या व्यापाऱ्याने आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याने फॉर्म २९ सी वर गाडी ताब्यात आल्याची खबर दिली की पुढची जबाबदारी त्याची. अधिकारपत्र आहे का, हे विचारायला लाजू नका. ताबा दिल्याची तारीख-वेळ घातलेली पोच घ्या. जुने कर्ज फिटले असेल तर आरसी बुकावरचा बोजा उतरवा, आणि सातबारावर चढवला असेल तर तोही उतरवून घ्या.

शेवटचे एक. मिरगाच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला आणि मग शोरूमला गेलो तर भाव मिळणार नाही. गरजवंताला अक्कल नसते, असे म्हणतात. खरे तर अक्कल असते, वेळ नसतो. जुना चालू असताना, पेरणीची घाई नसताना जा. उठून परत येण्याची तयारी ठेवूनच जा.

आणि एकटे जाऊ नका. या बैठकीतून आपण एवढे ठरवू या. प्रत्येक गावात एक वही ठेवायची. ज्याने ट्रॅक्टर बदलला त्याने मॉडेल, साल, तास, जुन्याचा भाव, नव्याचा भाव आणि वर दिलेले पैसे त्यात लिहायचे. पुढच्या जिल्हा बैठकीला सगळ्या वह्या एकत्र आणायच्या. आज भाव डीलरला माहीत असतो आणि आपल्याला नसतो, त्याची सगळी ताकद एवढ्यातच आहे. ती वही भरली की शोरूममध्ये "थोडे वाढवा" म्हणावे लागणार नाही. आपण सांगू, "आमच्या ट्रॅक्टरचा भाव एवढा आहे. बोला, वर किती?"