विळ्याची मूठ आपल्या मापाची

हातात काम असेल तर करता करता ऐका. विळा असेल तर मात्र जरा खाली ठेवा आणि त्याची मूठ बघा.

बांगड्या भरताना कासार आपला हात दाबून बघतो, मग सव्वादोनची की अडीचची ते ठरवतो. दिवसभर ज्याच्याशी गाठ, त्या विळ्याच्या मुठीचं माप मात्र कुणी घेत नाही. बाजारातली मूठ बहुतेक वेळा पुरुषाच्या पंजाची असते. जाड मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. मग अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, तळव्याला फोड येतात. ढिली मूठ तर त्याहून वाईट. गव्हाच्या कापणीत आमच्या गटातल्या एकीच्या विळ्याचं पातं मुठीत फिरलं आणि डाव्या हाताची करंगळी कापली. तीन टाके पडले, ऐन सुगीतला पंधरा दिवसांचा रोज बुडाला. त्यानंतरच्या बैठकीत आम्ही ठरवलं, लोहाराकडून नुसतं पातं आणायचं, मूठ आपण बसवायची. कानस-पटाशी हे बायकांचं काम नव्हे, असं म्हणणारे भेटलेच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, म्हणजे बाई अर्धा कोयता. राबायला मात्र ती पुरी!

आधी लाकूड. आम्ही बाभूळ वापरतो, चिवट असते आणि बांधावर मिळते. पण लाकूड वाळलेलंच हवं, सावलीत निदान सहा महिने ठेवलेलं. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि मूठ ढिली होते किंवा चिरते. रेषा मुठीच्या लांबीत सरळ गेलेल्या बघा, गाठ नको.

मग माप. मुठीची जाडी साधारण 3 सेंटीमीटर ठेवून बघा. धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या उंचवट्याजवळ यावीत, तळव्यात रुतू नयेत. लांबी 11 ते 12 सेंटीमीटर. आखूड मुठीचं टोक तळव्याच्या मधोमध दाबतं, तिथंच घट्टा पडतो.

पाइपच्या जुन्या तुकड्यातून दोन सेंटीमीटर रुंद कडं कापून घ्या, कडा कानशीने मोडा. मुठीचं तोंड तासून ते कडं ठोकून घट्ट बसवा. हे भोक पाडण्याआधी करायचं, कारण पातं ठोकताना लाकूड तोंडाशीच फाटतं, ते कडं धरून ठेवतं.

आता खरं काम. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीत जातो. त्याच्यापेक्षा बारीक भोक मधोमध, सरळ पाडा. पात्याला ओलं फडकं गुंडाळा आणि फक्त तो मागचा भाग निखाऱ्यात तापवा. पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. तापलेलं टोक सांडशीने धरून भोकात दाबा, धूर निघेल, लगेच बाहेर काढा. पुन्हा तापवा, पुन्हा दाबा. लाकूड जळून त्या लोखंडाच्याच आकाराची जागा तयार होते. बोटाच्या पेराएवढं बाकी राहिलं की थांबा. गार होऊ द्या, भोकातला कोळसा खरवडून काढा. दोन ट्यूबांचा चिकट लेप येतो ना, अ‍ॅराल्डाइटसारखा, तो सारख्या भागांनी कालवून आत भरा. मग पात्यावर गोणपाट गुंडाळून, मूठ खाली धरून, तिचं बूड लाकडी ओंडक्यावर आपटा. पात्यावर हातोडा मारू नका. एक दिवस अजिबात हात लावायचा नाही. आमच्यातल्या काहींना हा दिवस फार जड जातो.

आकार देण्याचं काम जिच्या हाताचा विळा तिनेच करावं. पात्यावरचं गोणपाट तेवढं राहू द्या. मूठ अगदी गोल करू नका, किंचित चपटी ठेवा, म्हणजे घामाने हातात फिरत नाही. मागच्या टोकाला छोटं बोंड राखा, ओढताना हात निसटत नाही. तळव्याला कोळशाची पूड चोळून मूठ आवळून धरा. जिथं काळं दाट उमटेल तिथं जास्त दाब पडतो, तेवढंच कानशीने घासा. अर्धा तास गवत कापून बघा, मग पुन्हा घासा. यात घाई केली तर सगळी मेहनत वाया.

शेवटी 80, 120, 220 नंबरचा पॉलिश पेपर ओळीने मारा. मग ओला हात फिरवा, वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, ते 220 ने पुन्हा घासून काढा. वार्निश आम्ही लावत नाही, घामाच्या हातात ते गुळगुळीत होतं आणि पुढे पोपडे निघतात. जवसाचं तेल पातळ चोळायचं, वरचं पुसून घ्यायचं आणि वाळू द्यायचं. असे तीन हात. ती तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यातली ऊब आतच साचते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

खुरप्याची मूठ अशीच बसते, फक्त ती जराशी लांब ठेवा. कडं कापून आणि भोक पाडून देण्याचं काम आमच्या गटात दोघी करतात, त्याची मजुरी घेतात, आणि घ्यावीच. येत्या शनिवारी गटाच्या बैठकीला या. येताना पातं गोणपाटात गुंडाळून आणा, एसटीत शेजारणीच्या मांडीला लागायला नको.