गाड्यांचा हिशेब आणि शहराचा श्वास



डिझेल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार सांभाळला की मालवाहतुकीचा धंदा चालतो, असे आपण समजतो. लंडनमधल्या गाडीमालकाला हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. तिथे २००८ साली जड डिझेल ट्रकांवर धुराचे निर्बंध आले. व्हॅनगाड्यांसाठीचा कडक नियम २०१९ साली शहराच्या मध्यभागी आणि २०२३ च्या ऑगस्टपासून साऱ्या लंडनभर लागू झाला. डिझेल व्हॅन 'युरो ६' मानकाची नसेल, तर दिवसाला साडेबारा पौंड पडतात. नंबर कॅमेरा वाचतो. हुज्जत घालायला नाक्यावर कोणी नसतो.

जुनी व्हॅन वर्षातून ३०० दिवस शहरात गेली, तर ३,७५० पौंड गेले. आठवड्यातून एकदा गेली, तर ६५०. शिवाय दिवस मध्यरात्री बदलतो. रात्री अकराला शिरून एकला बाहेर पडणारी गाडी दोन दिवसांचे भरते. म्हणून शहाणा मालक नवी गाडी शहरात आणि जुनी बाहेरगावी धाडतो. पण ज्याच्याजवळ एकच व्हॅन आहे, त्या गवंड्याने कशाची अदलाबदल करावी? त्याची तक्रार खोटी नाही.

मात्र त्याच शहरात, वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ साली दम्याने गेली. तिच्या मृत्यूला दूषित हवेचाही हातभार होता, असा निर्णय २०२० साली चौकशीत झाला.

मंडळी, धूर फुकट कधीच नव्हता. त्याची किंमत दुसरेच कोणी मोजत होते. गवंड्याला नव्या गाडीसाठी हात जरूर द्यावा. लंडनने काही काळ तसे अनुदान दिलेही. पण ते देणे पुन्हा त्या मुलीच्या खाती मांडता येणार नाही.