नंगारा आणि लेंगी

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलात, तर दुरूनच एक भलामोठा नंगारा, म्हणजे नगारा, दिसतो. नंगाऱ्याच्या आकाराची ही इमारत म्हणजे बंजारा विरासत संग्रहालय. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत 13 दालनं आहेत. संत सेवालाल महाराजांना मानणारी बंजारा माणसं दूरदूरच्या तांड्यांवरून, म्हणजे आपल्या वस्त्यांवरून, इथं येतात.

पण तांड्याचं सगळंच धन दालनात मावणारं नाही. होळीला गायची लेंगी गाणी, श्रावणात तीजेसाठी टोपलीत गहू पेरून त्याला पाणी घालताना मुलींनी म्हटलेली गाणी, आरसे-कवड्या जडवलेलं भरतकाम आणि बंजाऱ्यांची गोरबोली! या बोलीला स्वतःची लिपी नाही. आजी बोलते, नात ऐकते, तशी ती टिकते.

अशा अमूर्त वारशासाठी युनेस्कोनं 2003 मध्ये करार केला. चीननं तो 2004 मध्ये स्वीकारला, भारतानं 2005 मध्ये. चीननं 2011 मध्ये खास कायदाही केला. त्यात कला जाणणाऱ्या माणसालाच सरकारी मान्यता मिळते. मात्र त्यानं शिष्य घडवले पाहिजेत. सबळ कारणाशिवाय हे काम सोडलं, तर मान्यता जाऊ शकते. मला ही अट फार मोलाची वाटते.

पोहरादेवीला वास्तू उभी राहिली, याचा आनंद आहेच. आता तिच्या अंगणात लेंगीचा वर्ग भरावा, आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्या याडीला, म्हणजे आईला, दरमहा मानधन मिळावं.