जाळ्यापासून ताटापर्यंत

छोट्या गावातल्या नदीकाठच्या हॉटेलात इतकं चांगलं जेवण कसं मिळतं, याचं अनेकांना नवल वाटतं. त्याचं उत्तर अंतरात आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या पाण्याचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांपर्यंत आला. लगतच्या भिगवणला मासळीचा लिलाव होतो. तिथली चिलापी, रोहू किंवा मरळ सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत लांबचा प्रवास न करता कढईत पडते. आडव्या चिरा देऊन हळद-मीठ चोळलेली ताजी मासळी, वर लसूण-मिरचीचं वाटण आणि शेजारी ज्वारीची भाकरी, एवढ्यावर भागतं.

कुणी म्हणेल, चिलापी तर मूळची आफ्रिकेतली, मग ही गावची चव कशी? पण मिरचीही बाहेरूनच आली. रांधणाऱ्या हातांनी ती आपली केली. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा शिरूर-दौंडच्या शिवेवर, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तेव्हा या ताटाचं कौतुक करणाऱ्याने सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं, असा आग्रहही धरायला हवा. नदीच्याच नावाने, घोडनदी म्हणून ओळखलं जाणारं शिरूरही या आग्रहाला अपवाद नाही.