नाव आधी, गाणं मग

(आमच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

'तुमच्या नव्या गाण्यांविषयी बोला,' असं मला सांगितलंय. या वर्षात मी तीन गाणी स्वतः ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर आणली. एक पाण्याच्या रांगेतल्या बायकांचं, एक रात्रपाळीच्या नर्सचं आणि तिसरी अंगाई, पण बाळासाठी नव्हे, बाळंतिणीसाठी. पाठीशी कंपनी नाही. शब्द, चाल, आवाज माझा, पेटी-तबल्याला मैत्रिणी.

आता पुढचं काम. येत्या हिवाळ्यात मुळशी खोऱ्यातल्या पाचजणींबरोबर जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या आहेत आणि हलगी वाजवणाऱ्या एका तरुण मुलीबरोबर दोन गाणी. पण आज मला गाण्यापेक्षा कागदाविषयी बोलायचंय.

वीस वर्षांपूर्वी एका कंपनीने माझ्याकडून आठ गाणी गाऊन घेतली, एकरकमी पैसे दिले. सीडीवर संगीतकाराचं, वादकांचं, ध्वनिमुद्रकाचंही नाव होतं. मी मात्र 'आणि साथी'मध्ये गेले!

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रिका भरल्या, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीतून उच्चारायची. मुद्रिका जर्मनीत तयार होत. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून. कारण व्यवहाराचं होतं, पण त्यामुळे तिचं नाव आवाजाला कायमचं चिकटलं. आपल्याकडे हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणारीचं नाव आणि गाव नोंदवून. 'पारंपरिक' एवढंच लिहिलं असतं, तर त्या बायका पुसल्या गेल्या असत्या.

कायदाही आता काही प्रमाणात आपल्या बाजूने आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क मिळाला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. हे आपल्याला कुणी सांगत नाही. पुढे केलेल्या कागदावर सही करायला तेवढं सांगतात.

मुळशीच्या पाचजणींशी मी हे बोलले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अगं, ओवी माझ्या आईची, तिच्या आईची. मग पैसं मला कशाचं?" प्रश्न खरा आहे. जुने शब्द कुणा एकीचे नाहीत. ते कुणीही गावेत. पण गळा आजींचा आहे, आणि गाताना त्यांनी नव्याने जोडलेली ओळही त्यांचीच आहे. त्याचं मोल व्हायलाच हवं. म्हणून आम्ही मराठीत एक पानाचा करार केला आणि तो सगळ्यांसमोर दोनदा मोठ्याने वाचला. प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि गाव ओवीबरोबर येईल. उत्पन्नाचे सहा सारखे वाटे, त्यातला एक माझा. कुणाला जाहिरातीत ओवी वापरायची असेल, तर सहाही जणींचा होकार लागेल. हलगीवाल्या मुलीशीही असाच करार आहे. ती 'साथीला' नाही, गाणं दोघींचं आहे.

कुणी म्हणेल, बायकाबायकांत कागद कशाला? विश्वास नाही का? मैत्रिणींनो, विश्वासावर बायकांनी आजवर घरं सांभाळली, शेतं राखली. सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचंच राहिलं. विश्वास असतो तेव्हाच कागद करणं सोपं जातं. भांडण झाल्यावर कोण करतं?

शेवटी एक विनंती. आपल्याच चळवळीच्या गाण्यांच्या पुस्तिका जरा काढून बघा. किती गाण्यांखाली लिहिणारीचं नाव आहे? ज्या अजून हयात आहेत, त्यांना विचारून ती नावं भरू या. हे काम करायला कायदा लागत नाही, वही आणि पेन पुरे.